वरच्या ओळी

"ही शांतता ऐकलीत?" बाईंनी विचारलं, आणि वर्गात कोणीच काही बोललं नाही. एरवी या वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर जायचे, त्यातले निम्मे तर प्रश्न काय आहे हे न कळताच. आज एकही हात नव्हता. बाईंनी डोळे उघडले. नियमाप्रमाणे मुलांचे डोळे अजून मिटलेले असायला हवे होते, पण सगळी मुलं टक्क डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होती, मग एकमेकांकडे, आणि मग खिडकीजवळच्या बाकावरच्या त्या लहानशा मुलीकडे, जिची ही रचना होती. वर्ग तिला मुंगी म्हणायचा. ती अंगानं बारीक होती आणि स्क्रीनवर एकेक चौकोन इतक्या सावकाश, न कंटाळता आणून ठेवायची की ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. मुंगी बाईंकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या स्पीकरकडे बघत होती, जणू त्यानंच काही आगळीक केली होती. "मधे तिनं किती जागा मोकळी सोडलीय," बाई पुढे म्हणाल्या, कारण आता थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. "तुम्ही सगळे चौकोनावर चौकोन भरत सुटता. हिनं गप्प राहायचं धाडस केलं. संगीतात तेच सगळ्यात अवघड असतं." पहिल्या बाकावरच्या वकिलानं तोंड उघडलं. हा मुलगा सूर्य उगवला तरी त्यावर हरकत घेईल म्हणून त्याला ते नाव पडलं होतं, आणि त्यानं उघडलेलं तोंड काही न बोलता मिटलेलं बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मान डोलावून म्हणाल्या, "वा. खरंच, काय शांतता." मग तास संपल्याची घंटा झाली आणि मुलं नेहमीपेक्षा कमी गोंगाट करत बाहेर गेली.

अंधारात जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं काहीतरी बाईंना झालं होतं. काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे अंगाला कळलेलं होतं. त्या वर्गातच बसून राहिल्या. डोळे मिटायचा नियम त्यांचाच. हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर शाळेत आलं तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी तोच घालून दिला होता. स्क्रीनवर चौकोनांची जाळी असते. आडव्या ओळी म्हणजे स्वर, खाली खालचे आणि वर वरचे. चौकोनावर बोट ठेवलं की तो रंगतो, आणि डावीकडून एक उभी रेघ सरकत येते, ती ज्या चौकोनाला शिवेल तो वाजतो. लहान मुलांना हे शिकवावंच लागत नाही. पण त्यामुळेच मुलं डोळ्यांनी संगीत करायला लागतात. घर काढतात, मांजर काढतात, आणि मग मांजर वाजवून बघतात. बाईंनी अशी बरीच मांजरं ऐकली होती आणि त्यातली एकदोन खरंच वाईट नव्हती. तरी नियम म्हणजे नियम. नवी रचना वर्गासमोर पहिल्यांदा वाजेल तेव्हा प्रोजेक्टरच्या भिंगावर झाकण, डोळे बंद. आधी कान, मग डोळे. मुलांना हा खेळ आवडायचा, आणि बाईंना त्या मिटलेल्या पापण्यांच्या रांगा क्षणभर बघायला आवडायचं, मग त्या स्वतःही प्रामाणिकपणे डोळे मिटून घ्यायच्या.

पालकांसमोर व्हायच्या कार्यक्रमासाठी मुंगीच्या रचनेची एक प्रत वेगळी ठेवायची होती, म्हणून त्यांनी ती संगणकावर उघडली. सुरुवातीचे निळे चौकोन ओळखीचे होते, ते खालचे, चालत आल्यासारखे. मग ती मोकळी जागा. तिथं खाली, पुन्हा निळे चौकोन सुरू होईपर्यंत, खरंच काही नव्हतं. पण स्क्रीनच्या अगदी वरच्या काठाला, सगळ्यात वरच्या ओळींमधे, पिवळे चौकोन होते. दोनचार नव्हे, भरपूर. चढत होते, घसरत होते, एका जागी थबकून पुन्हा वर जात होते. बाजूला वाद्याचं चित्र होतं, लहान काचेच्या घंटा. बाईंनी कळ दाबली. रेघ निळ्या चौकोनांवरून गेली, ते वाजले. रेघ पिवळ्यांत शिरली. एकेक पिवळा चौकोन नियमाप्रमाणे क्षणभर उजळला आणि विझला, आणि खोलीत पंख्याच्या आवाजाखेरीज काही नव्हतं. बाईंनी पंखा बंद केला. खिडकी लावली. आवाज वाढवला, इतका की पुन्हा सुरू केल्यावर निळे चौकोन अंगावर आले. पिवळे तसेच, मुके. त्यांनी स्पीकरला कान लावला. मग दुसरा कान लावला. मग हेडफोन आणले, आणि हेडफोन बिघडलेत असं स्वतःला सांगून दुसरे आणले. शेवटी त्यांनी सगळे पिवळे चौकोन एकत्र निवडले आणि ते एकेक ओळ खाली सरकवायला लागल्या. वाजवायचं, ऐकायचं, एक ओळ खाली. काही नाही. एक ओळ खाली. काही नाही. आणखी खाली गेल्यावर कुठूनसा, शेजारच्या घरात कोणी चमचा ठेवावा तसा, आवाज आला. आणखी दोन ओळी खाली, आणि घंटा स्वच्छ वाजायला लागल्या. त्या पुन्हा वर गेल्या. घंटा गेल्या. म्हणजे तिथं हद्द होती. हद्दीच्या अलीकडचं जग शाबूत होतं आणि पलीकडचं त्यांच्या नकळत बंद झालं होतं. बाईंना भीती वाटली, सरळसाधी भीती. त्यांनी सगळे चौकोन होते तिथे नेऊन ठेवले, प्रत जपून ठेवली, आणि तेवढ्यात खेळाच्या सरांनी दारातून डोकावून काहीतरी विचारलं. बाई हसून हो हो म्हणाल्या. सर समाधानानं गेले. त्यांनी काय विचारलं होतं ते बाईंना ठाऊक नव्हतं. काळ्या पडलेल्या स्क्रीनमधे त्यांना आपलं हसू दिसलं, आणि ते त्यांचं नव्हतं, ते बाबांचं होतं.

बाबा छापखान्यात होते. यंत्रांनी कान खाल्ले असं सगळे म्हणायचे आणि बाबाही तेच म्हणायचे, कारण ते सोपं होतं. ते हसू त्यांनी बरीच वर्षं वापरलं. पाहुणे विनोद सांगायचे, सगळे हसायचे, आणि सगळ्यांच्या किंचित मागून बाबा हसायचे. आई चिडायची, तुमच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं म्हणायची, आणि बाबा त्यालाही हो म्हणायचे. पण बाईंना आज आठवली ती गॅलरी. सकाळी बाबा चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे. एकदा ते हळहळून म्हणाले, "या शहरातून पक्षी गेले." समोरच्या तारेवर पक्ष्यांची रांगच्या रांग बसलेली होती आणि कान किटेपर्यंत चिवचिवाट चालला होता. पण बाबांची नजरही तोवर अधू झाली होती. आईनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी आईकडे पाहिलं, आणि कोणी काही बोललं नाही. त्यानंतर बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला पक्षी गेल्याचं सांगायचे आणि घरातले सगळे खाली बघायचे. ते एकमेकांकडे बघून गप्प राहणं बाईंना पक्कं माहीत होतं. आज सकाळी सबंध वर्गानं ते केलं होतं.

यंत्रांजवळ बाई कधी गेल्या नव्हत्या, त्यामुळे यंत्रांवर ढकलायचीही सोय नव्हती. एक गोष्ट सापडली की मागून बाकीच्या रांगेनं येतात. नवऱ्याला ताप होता तेव्हा त्यांनी थर्मामीटर त्याच्या तोंडात धरूनच ठेवला होता, तो कधी वाजतोय याची वाट बघत, आणि शेवटी त्यानंच तो काढून, अगं, हे कधीचं वाजलं, असं म्हटलं होतं. तेव्हा दोघं हसले होते. हल्लीची मुलं पुटपुटतात, शब्दांची टोकं खातात, अशी तक्रार त्या स्वतः शिक्षकांच्या खोलीत करत आल्या होत्या, आणि बाकीचे शिक्षक काही न बोलता चहा पीत होते. त्याच खोलीत, वर्षाच्या सुरुवातीला, मोठ्या बाई म्हणाल्या होत्या की हे सॉफ्टवेअर सगळं आपणहून शिकवतं, मग तो तास वर्गशिक्षकच घेतील, संगीताला वेगळ्या बाई कशाला. तेव्हा बाईंनी टेबलावर हात ठेवून सांगितलं होतं, सॉफ्टवेअरला कान नसतात, कोणीतरी ऐकायला लागतं. गणिताचे सर फिस्सकन हसले होते, पण मोठ्या बाईंना ते पटलं. पालकांसमोर मुलांच्या रचना वाजवायचा कार्यक्रम होऊ द्या, मग पाहू, असं ठरलं. तेव्हापासून कोणी पाहुणे आले की मोठ्या बाई त्यांची ओळखच तशी करून द्यायच्या, या आमच्या शाळेचे कान. बाईंना ते ऐकून बरं वाटायचं. आता ते वाक्य त्यांना आठवावंसंही वाटेना.

संध्याकाळी नवरा भाजी चिरत असताना त्यांनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, हे जरा ऐक. नवरा बसच्या वेळापत्रकांच्या कचेरीत होता आणि संगीतातलं त्याला काही कळत नाही हे तो अभिमानानं सांगायचा. त्यानं सुरी खाली ठेवली. बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. निळ्या चौकोनांना चेहरा तसाच होता. मग रेघ पिवळ्यांत गेली, आणि त्याच्या भुवया हळूच वर गेल्या, कोणीतरी आवडतं माणूस दारात दिसल्यावर जातात तशा. बाईंना त्याचा असा राग आला की त्यांनी नजर वळवली. फुकटचं मिळालेलं त्याला, आणि कळतही नाही. कसं आहे, त्यांनी विचारलं. छान आहे की, तो म्हणाला, बारीक, लांबून येणारं. त्यांनी अजून खोदून विचारलं, कसं म्हणजे कसं, खाली येतं तेव्हा कसं वाटतं, हसरं की रडकं. मग त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "अगं, आपण एकदा जाऊन तपासून येऊ. मी रजा टाकतो." म्हणजे त्याला माहीत होतं. किती दिवसांपासून, हे त्यांनी विचारलं नाही. कार्यक्रम होऊ दे, एवढंच त्या म्हणाल्या, आणि कांदा न चिरता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या तासाला सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. पण त्या तासाला मोठ्या बाई तपासणीची वही न घेता, नुसत्या कौतुकानं, मागच्या बाकावर येऊन बसल्या. कार्यक्रमाची सुरुवात कशानं करायची ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. "ती शांतता आहे ना, तिच्यापासून सुरू करू. पालकांना कळू दे, आमच्याकडे काय शिकवतात." बाईंच्या घशाशी आलेलं वाक्य परत गेलं. त्या फळ्याकडे वळल्या आणि कार्यक्रमाचा क्रम लिहायला लागल्या. पाठीवर सबंध वर्गाची नजर जाणवत होती. खडू ओढताना पूर्वी दातांत शिरशिरी आणणारा आवाज व्हायचा. तो हल्ली होत नाही, खडू सुधारले, असं त्यांना वाटत आलं होतं. त्यांनी मुद्दाम खडू तिरका धरून ओढला. काही नाही. पण मागे दोनतीन मुलं कळवळल्याचं त्यांना ऐकू आलं. तेवढ्यात मागून कोणाच्या तरी टॅबलेटवर एक जाडसर, खालचा सूर वाजला आणि बाई गर्रकन वळून म्हणाल्या, "कोण आहे ते?" वकील टॅबलेट मांडीवर धरून छताकडे बघत होता, आणि त्याच्या शेजारच्या मुलीनं तोंडावर हात ठेवला होता, पण ती हसत नव्हती. मोठ्या बाई, चालू द्या, चालू द्या म्हणाल्या. राहिलेला तास बाईंनी कसाबसा रेटला. आतापर्यंत ही मुलं त्यांना परीक्षा द्यायची. आता प्रत्येक मिनिट त्यांचीच परीक्षा होती, आणि प्रश्न कधी विचारला जातोय हेही त्यांना कळणार नव्हतं.

कार्यक्रमाच्या आधीचा शेवटचा तास. मोठ्या बाई नव्हत्या. सगळ्यांच्या रचना शेवटच्या एकदा तपासायच्या होत्या, म्हणून बाई बाकांमधून फिरायला लागल्या. पहिल्या टॅबलेटवर जाळीचा वरचा भाग रिकामा होता. दुसऱ्यावरही. तिसऱ्या मुलाची रचना पाखरांवर होती, गेल्या आठवड्यात तिच्यात वरपर्यंत लाल ठिपके उडालेले होते. आता पाखरं खाली, मधल्या ओळींत, दाटीवाटीनं बसली होती. बाईंचा चालण्याचा वेग वाढला. सगळ्या वर्गाच्या वरच्या ओळी पांढऱ्याफटक होत्या. त्या खिडकीजवळ पोचल्या. मुंगीच्या रचनेत निळे चौकोन होते, मग मोकळी जागा होती, आणि मोकळ्या जागेच्या वर काहीही नव्हतं. आता ती खरोखरच शांतता होती.

"हे पिवळे कुठे गेले?" त्यांनी विचारलं. मुंगीनं मान खाली घातली. पहिल्या बाकावरून वकील उठून उभा राहिला, कारण कोणीतरी उभं राहायला हवं होतं. "बाई, आम्ही वरच्या ओळी आता वापरत नाही," तो म्हणाला. "आमचं ठरलंय." बाईंनी कोणी ठरवलं, का ठरवलं असं विचारलं. वकिलानं एकदा वर्गाकडे पाहिलं आणि मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं, पुरावा मांडला. तुम्ही फळ्यावर लिहीत होतात तेव्हा मी सगळ्यात वरची ओळ वाजवली, तुम्ही वळला नाहीत. मग तिच्या जरा खालची वाजवली, तेव्हाही नाही. अगदी खालची वाजवली तेव्हा, कोण आहे ते, म्हणालात. त्यानं हे अगदी चोख सांगितलं. "पण आम्ही मोठ्या बाईंना सांगितलेलं नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "घरी पण नाही."

बाई जवळच्या बाकावर बसल्या. बाक लहान मुलांचा होता, गुडघे छातीपर्यंत आले. मुंगी आता त्यांच्या अगदी समोर होती. "तुम्हाला ऐकू येत नाही ना," ती म्हणाली. कुजबुजली नाही, स्वच्छ, टोकं न खाता, बाईंना ओठ दिसतील असा चेहरा समोर धरून म्हणाली. "मग ते असून काय उपयोग. म्हणून काढले."

राग कोणावर काढायचा तेच कळेना. यांना कोणी सांगितलं होतं इतकं शहाणं व्हायला. एवढ्याशा मुलांनी त्यांच्यासाठी आपल्या गाण्यांचे शेंडे छाटून टाकले होते आणि वर गुपचूप बसायचं ठरवलं होतं. बाईंना गॅलरी दिसली, तार दिसली, कप घेऊन उभे राहिलेले बाबा दिसले. आपण सगळ्यांनी मिळून त्या माणसासाठी शहरातले पक्षी नाहीसे केले. प्रेमानंच केले. आणि ते तसेच, पक्षी नसलेल्या शहरात, गेले. बाईंनी मुलांसमोर डोळे पुसले, नाक ओढलं. मग त्या म्हणाल्या की मला वरचं ऐकू येत नाही हे खरं आहे, मला स्वतःला ते त्याच दिवशी, तुम्ही गेल्यावर कळलं, आणि त्या दिवशी मी शांतता म्हणाले ती शांतता नव्हती, ती माझी चूक होती. "आणि आता जे जिथं होतं ते तिथं परत ठेवा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी. आत्ता." यावर वकिलानं हरकत घेतली. मग बरोबर आहे की चूक ते तुम्ही कसं सांगणार, असं त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. शाळेनं विचारला असता तर हाच विचारला असता. वरचं तुम्ही एकमेकांना सांगा, त्या म्हणाल्या, आणि मला पण सांगा, काय ऐकू येतं ते, नीट शब्दांत. नुसतं छान म्हटलेलं चालणार नाही.

मुंगीला आपले पिवळे चौकोन आठवत नव्हते. तिनं ते पुसून टाकले होते आणि पुन्हा तसे जमत नाहीत म्हणून तिचा चेहरा रडवेला झाला होता. बाईंनी जपून ठेवलेली प्रत उघडून तिच्यासमोर ठेवली. मुंगीनं हेडफोन लावले, आणि बाईंना पुन्हा ते बघावं लागलं, भुवया वर जाणं, डोळ्यांत उजेड येणं. मग त्यांना एक कल्पना सुचली आणि ती सुचल्याबरोबर त्यांना तिचा मोह पडला. त्यांनी सगळे पिवळे चौकोन निवडले आणि एक सबंध सप्तक खाली आणले. कळ दाबली. त्या दिवशी आवाज येतो की नाही एवढंच त्या ऐकत होत्या; मुंगीचं ते मधलं गाणं, गाणं म्हणून, त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. चढून जाणं, थबकणं, आता पडणार असं वाटत असतानाच आणखी एक पाऊल वर टाकणं. ते त्यांच्या अपेक्षेपेक्षा फार चांगलं होतं. मुंगीच्या वयात त्यांना असं काही सुचलं नसतं, आणि नंतरही सुचलं नव्हतं. असंच ठेवू या का, त्यांनी विचारलं, आणि आपल्या आवाजातली याचना त्यांना ऐकू आली. कार्यक्रमात कोणाला काही कळणार नव्हतं. त्या स्वतः ते ऐकू शकल्या असत्या. मुंगीनं खाली आणलेलं गाणं ऐकलं, पुन्हा ऐकलं, बाईंकडे दयेनं पाहिलं, पण मान हलवली. "हे ते नाही," ती म्हणाली. "ते वरच असतं." बाईंनी चौकोन वर नेले. गाणं त्यांच्या हद्दीपलीकडे निघून गेलं. मुलगी बरोबर होती, आणि त्यांना तिचा अभिमान वाटत होता, आणि अभिमान वाटत असतानाच काळीज तुटत होतं.

मोठ्या बाईंना त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, सभागृहात खुर्च्या लावल्या जात असताना गाठलं. सगळं सांगितलं, घंटा, ओळी, हद्द, काही लपवलं नाही. मोठ्या बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. "म्हणजे तिथं घंटा वाजत होत्या," त्या अखेर म्हणाल्या. "मला ऐकू आल्या होत्या हो. पण तुम्ही शांतता म्हणालात. मला वाटलं, तुमच्या शास्त्रात त्यालाच शांतता म्हणत असतील." बाईंना हसू फुटलं आणि ते थांबेना. मोठ्या बाईही आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. पुढच्या वर्षाचं मी आत्ता काही बोलत नाही, त्या म्हणाल्या, आधी कानांच्या डॉक्टरकडे जाऊन या, मग बसू. त्यांच्या आवाजात काय होतं ते बाईंनी ओळखायचा प्रयत्न केला, पण आवाजाची वरची किनार, जिच्यात माणसाचं खरं काय ते असतं, तीच तर आता त्यांच्या हाती लागत नव्हती. मोठ्या बाई पुढच्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करायला गेल्या.

सभागृह भरलं. नवरा रजा टाकून आला होता आणि मागच्या भिंतीला टेकून उभा होता. बाईंनी पालकांना नियम सांगितला, आधी कान, मग डोळे, आणि मोठमोठी माणसं आज्ञाधारकपणे डोळे मिटून बसली. कोट घातलेले बाप, मांडीवर पर्स धरलेल्या आया, मोठ्या बाई, गणिताचे सर. मुंगी कोपऱ्यातल्या संगणकापाशी उभी होती. तिनं कळ दाबली. निळे सूर चालत आले. बाई कडेला उभ्या होत्या, आणि त्यांनी स्वतःचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला, डोळे उघडे ठेवले. निळे सूर थांबले. खोलीत काहीच राहिलं नाही. स्पीकर बिघडला असेल, वायर निसटली असेल, मुलीनं पुन्हा पुसलं असेल, असं सगळं एका क्षणात त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि यातलं काही झालं असतं तरी त्यांना ते कळलं नसतं. मग तिसऱ्या रांगेत एका आईच्या मांडीवरचं तान्हं मूल, ज्याला नियम माहीत नव्हता, मान वर करून छताकडे बघायला लागलं. मग मिटलेल्या डोळ्यांच्या वर, एकेक करून, भुवया उचलल्या गेल्या. एका बापाचं तोंड किंचित उघडं पडलं. मागे नवऱ्यानं भिंतीचा टेका सोडला. सगळं सभागृह तिथं गेलं होतं आणि बाई एकट्या बाहेर राहिल्या होत्या. त्यांनी मुंगीकडे पाहिलं. मुंगीचेही डोळे उघडे होते, ती त्यांच्याचकडे बघत होती, आणि तिचा हात वर होता. एक बोट हवेत चढत होतं, थबकत होतं, घसरत होतं, पुन्हा वर जात होतं, टाचा उचलून, हात पुरेल तितकं वर. बाईंनी ते ऐकलेलं होतं, एकदा, एक सप्तक खाली. बोटाबरोबर त्यांनी ते मनात वर नेलं, हद्दीपर्यंत, आणि मग हद्दीच्या पलीकडे. बोट सावकाश खाली यायला लागलं. ते पार खाली आलं तेव्हा परतीचा पहिला निळा सूर वाजला, आणि बाईंना तो ऐकू आला.